पिवळे हेडलाईट आणि उद्यमनगरातली बिनबोर्डाची शेड

आधी निकाल सांगतो, मग पाल्हाळ. दोन्ही हेडलाईट घासून वर टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर) मारून १६०० रुपये, काम पाचपैकी चार, आणि परत करायची वेळ आली तर मी तिथंच जाणार. ज्यांना नुसतं कुठं आणि किती एवढंच पाहिजे होतं त्यांनी इथंच थांबलं तरी चालतंय. बाकीच्यांनी वाचा, कारण कोल्हापुरात हेडलाईट पॉलिश म्हणून तीन-चार वेगवेगळी कामं चालतात, सगळे एकच नाव सांगतात आणि दर मात्र ३०० पासून ३००० पर्यंत, मग माणूस गोंधळणार नाहीतर काय.

गाडी एमएच ०९, २०१३ ची डिझेल हॅचबॅक. कंपनी सांगत नाही कारण त्यात कंपनीचा काही दोष नाही, दहा-बारा वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या कुठल्याही गाडीचं हेच होतंय. आमच्या अपार्टमेंटला पार्किंग हाय पण ते वरच्या लोकांनी आधीच वाटून घेतलंय, त्यामुळं माझी गाडी रस्त्यावर, तोंड पश्चिमेला, दुपारी एकपासून ऊन थेट लाईटवर. गंमत म्हणजे डाव्या लाईटवर शेजारच्या गुलमोहराची सावली पडायची तर तो निम्मा बरा होता आणि उजवा एकदम हळदीचं पाणी ओतल्यासारखा.

हे होतंय कशानं ते थोडक्यात सांगतो. जुन्या ॲम्बॅसिडर, फियाटला खरी काच असायची, दगड लागला की फुटायची पण पिवळी कधी पडली नाही. अमेरिकेत १९८३ साली नियम बदलून प्लॅस्टिकच्या लेन्सचे हेडलाईट चालतील असं केलं आणि तिथनं पुढं हळूहळू सगळ्या जगात पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक आलं. हलकं, पाहिजे तसं वळवता येतंय, खडा उडाला तरी फुटत नाही. पण त्याला दोन खोडी, एक म्हणजे लगेच ओरखडे पडतात आणि दुसरी म्हणजे उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेटनं ते पिवळं पडतंय. म्हणून कारखान्यातनं निघतानाच त्यावर एक पातळ कडक कोटिंग मारलेलं असतं. ऊन, धूळ, वॉशिंगवाल्याचं कळकट फडकं असं सगळं खात खात ते कोटिंग मरतं, जागोजागी सुटतं, आणि मग खालचं प्लॅस्टिक उघडं पडून खराब व्हायला लागतंय. म्हणजे पिवळेपणा बहुतेक वेळा बाहेरच्याच अंगाला असतो, म्हणून तर तो घासून जातो. आतनं धुरकट झालं असेल, पाणी शिरलं असेल, किंवा २०१९ च्या महापुरात गाडी बुडालेली असेल तर बाहेरनं कितीबी घासा, काय उपयोग नाही, ते युनिटच उघडायला नाहीतर बदलायला लागतंय. जायच्या आधी एवढं एक घरी बघा, ओलं बोट लाईटवर फिरवायचं, ओल्या जागी क्षणभर लख्ख दिसलं तर खराबी बाहेरची.

आता एवढं मनावर का घेतलं, तर गगनबावड्याचा रस्ता. सासुरवाडी तिकडं, त्यामुळं रात्रीचं येणं-जाणं हाय. फुलेवाडी, बालिंगा सोडलं की पुढं अंधार, आणि कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, वाडं बाहेर लोंबतंय, आणि ते सगळं रस्त्याच्याच रंगाचं. आपल्या लाईटचा उजेड पुढं जायच्या ऐवजी लेन्समध्येच पसरून बसला की ट्रॉली दिसते ती एकदम बोनेटसमोर. बायको म्हणाली लाईट नाहीतर गाडी, दोन्हीतलं एक बदला. कंपनीच्या काउंटरला नव्या लाईटचा भाव विचारला तर एका बाजूचे चार हजाराच्या वर, दोन्ही मिळून फिटिंग धरून नऊ. म्हटलं आधी पॉलिश बघू.

ही शेड सापडायच्या आधी हायवेकडच्या एका वॉशिंग सेंटरवर तीनशे रुपयात काम करून घेतलं होतं, नाव घेत नाही. वीस मिनिटांत लाईट चकाचक, फोटो काढून व्हॉट्सॲपला टाकला, मित्रांनी पत्ता विचारला. एक पावसाळा गेला, दिवाळीला बघतोय तर परत पिवळं आणि आधीपेक्षा खराब, कारण त्यानं मशिननं कंपाऊंड (घासून चमक आणायची पेस्ट) मारून कंपनीचं जे काय उरलंसुरलं कोटिंग होतं तेपण काढून टाकलं आणि वर कायच मारलं नाही. उघडं प्लॅस्टिक उन्हात. विचारायला गेलो तर म्हणाला सर पॉलिश असंच असतंय, दर सहा महिन्याला करायचं. म्हणजे वर्गणी लावल्यासारखं.

टूथपेस्ट, खायचा सोडा आणि व्हिनेगर हे प्रकार पण त्यातलेच, बारीक घासणारी पावडर, दुसरं काय नाही. हलका धुरकटपणा जातो, चार दिवस बरं वाटतं. आणि ते रीलमध्ये दाखवतात ना, तेलकट स्प्रे मारला आणि लाईट नवीन, ते तेल ओरखड्यात भरल्यामुळं तेवढ्यापुरतं दिसतं, पुढच्या धुण्याला गायब.

तर शेड. उद्यमनगरात लेथ आणि फाउंड्रीच्या शेडांच्या मधल्या गल्लीत, बोर्ड नाही, बाहेर दोन बंपर टांगलेत तीच खूण. मुळात डेंटिंग-पेंटिंगचं काम, हेडलाईट हा जोडधंदा. मिस्त्री पन्नाशीचा, बोलायला फटकळ. मी म्हटलं पॉलिश करायचंय, तर गाडीभोवती फिरला, उजव्या लाईटवर नख घासलं, नखाखाली कोटिंगचा पापुद्रा निघाला तो मला दाखवला आणि म्हणाला, "पाव्हणं, घासायचं काम माझं पोरगं बी करतंय. पैसे वरच्या क्लिअरचे हाईत. ते नको असंल तर तीनशे द्या, पर दिवाळीला मला शिव्या घालायला येऊ नका." मला तिथंच पटलं, कारण दिवाळीलाच तर माझं झालेलं. त्यानं आणखी एक सांगितलं, कुठंपण गेला तरी आधी विचारायचं की घासल्यावर वर काय मारणार, आणि उत्तर 'वॅक्स' आलं तर पैसे पण वॅक्सच्याच दरानं द्यायचे.

काम बघत बसलो कारण बसायला दुसरीकडं जागाच नव्हती, एक उलटा डबा होता त्यावर. आधी साबणानं धुतलं, मग लाईटच्या कडेनं बोनेट, फेंडर, बंपरवर मास्किंग टेपचे दोन थर आणि त्यावर पेपर. घासायला जे पोरगं होतं ते मूळचं हुपरीचं, आधी चांदीच्या पॉलिशला होतं म्हणे, आणि ते कळत होतं, कारण हाताला घाई नव्हती. ६०० चा वॉटर पेपर (आकडा वाढेल तसा पेपर बारीक), बाटलीच्या झाकणाला भोक पाडून त्यातनं सतत पाण्याची धार. पहिल्यांदा जे पाणी खाली आलं ते पिवळं दुधाळ, मातीचं नाही, ते मेलेलं कोटिंग होतं. तो थांबायचा, पाणी मारायचा, टॉर्च तिरकी धरून बघायचा, परत घासायचा. मधे मधे लेन्सवर नकाशासारखे आकार दिसायचे, कुठं जुनं कोटिंग निघालेलं कुठं चिकटलेलं, ती कड पूर्ण जाईपर्यंत त्यानं पेपर बदलला नाही. मी विचारलं एवढं कशाला, तर म्हणाला कड ऱ्हायली की क्लिअरखाली तीच दिसती आणि तिथनंच सुटतंय. पाणी पिवळ्याचं पांढरं झालं तेव्हा ८०० घेतला, शेवटी १०००. ६०० आडवा, ८०० उभा, १००० परत आडवा, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे गेले का राहिले ते दिसतं. साधी गोष्ट, पण वॉशिंग सेंटरवाल्यानं एकच पेपर गोल गोल फिरवला होता ते मला तेव्हा आठवलं.

आता इथं एक गोष्ट होते ज्यानं बरेच लोक घाबरतात. १००० नं घासून झाल्यावर लाईट चक्क पांढरा धुरकट दिसतो, पिवळा होता त्याच्यापेक्षा वाईट. मला वाटलं आता २०००, ३००० मारून कंपाऊंड करून चमकवणार. तर नाही. मिस्त्री म्हणाला आरशासारखं गुळगुळीत केलं तर क्लिअर धरत नाही, त्याला पकड पाहिजे, बारीक ओरखडे तर क्लिअरच भरून काढतो. ज्यांना क्लिअर मारायचाच नाही त्यांनी ३००० पर्यंत जाऊन कंपाऊंडनं बफिंग करायचं आणि वर सिरॅमिक कोटिंग नाहीतर पारदर्शक फिल्म लावायची, तो रस्ता वेगळा. दोन्ही रस्ते बरोबर आहेत, पण निम्मा हा आणि निम्मा तो असं केलं की पापुद्रे निघतात.

पुसायला त्यानं थिनर घेतलं नाही हे मला लय आवडलं. पेंटरलोक सवयीनं थिनरचं फडकं मारतात, आणि पॉलिकार्बोनेटला कडक थिनर लागलं की बारीक बारीक तडे जातात, एकदा गेले की मग काय केलं तरी जात नाहीत. यानं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरलं, सॅनिटायझरसारखा वास, दोन मिनिटात उडून गेलं. मग स्प्रे गन. टू-के म्हणजे क्लिअर आणि हार्डनर असे दोन भाग, वापरायच्या आधी मिसळायचे, एकदा मिसळलं की डब्यातच घट्ट व्हायला लागतं म्हणून त्या दिवशी दोन गाड्या असतील तर एकत्र घेतो. पहिला हात एकदम हलका, नुसता धुक्यासारखा, मग दहा मिनिटं थांबला, चहा आला. दुसरा हात भरून मारला आणि तेव्हा जे झालं ते बघण्यासारखं होतं राव, गन डावीकडनं उजवीकडं जाईल तसा तो पांढरा धूर पुसत गेला आणि आतला रिफ्लेक्टर, बल्बची टोपी, अगदी आतल्या प्लॅस्टिकवर कोरलेला नंबर पण वाचता यायला लागला. पाच सेकंदाचं काम, पण त्याच्यासाठी आधीचा दीड तास घासणं.

साधा स्प्रे कॅन आणि हे टू-के यात फरक हाय, ते लक्षात ठेवा. कॅनमध्ये बहुतेक नुसतं लॅकर असतं, हार्डनर नसतो, ते पेट्रोलच्या थेंबानं पण मऊ पडतं. आणि आजकाल जे व्हेपर पॉलिश म्हणून चाललंय, इलेक्ट्रिक कपात द्रव उकळायचा आणि नळीतनं वाफ लाईटवर सोडायची, त्यात क्लोरोफॉर्म नाहीतर डायक्लोरोमिथेनसारखं सॉल्व्हंट असतं, ते प्लॅस्टिकचा वरचा थर वितळवून सपाट करतं. दिसतं भारी, पण वाफ अंगावर घ्यायच्या लायकीची नाही आणि उन्हापासून संरक्षण म्हणाल तर शून्य, उलट प्लॅस्टिकला तडे जायची भीती. पोरं रस्त्याकडेला फडकं पण न बांधता हे करायलेत, काय बोलायचं.

मिस्त्रीचीपण एक तक्रार इथंच नोंदवतो, तो क्लिअर मारताना तोंडाला नुसता रुमाल बांधतो. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, दमा लागू शकतो, त्याला फिल्टरचा मास्क लागतो. मी बोललो तर हसला, "तीस वर्सं झाली." तुम्ही गेलात तर तुम्हीपण बोला, चार जण बोलले तर कदाचित घेईल.

रात्री भिंतीवर लावून बघितलं. आमच्या मागं शाळेची लांबलचक पांढरी भिंत हाय. आपल्याकडं डावीकडनं गाडी चालवतात म्हणून लो बीमची वरची रेघ उजवीकडं सपाट आणि डावीकडं वर चढलेली असते, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यात जायला नको आणि आपल्या कडेची साईडपट्टी दिसायला पाहिजे. आधी माझ्या गाडीची ही रेघच नव्हती, भिंतीवर नुसता पिवळा गोळा. आता कोपऱ्यासकट स्पष्ट रेघ. म्हणजे आपल्याला उजेड वाढला हे तर हायच, पण समोरच्याच्या डोळ्यात जाणारा पसारा पण कमी झाला, आणि ज्यांना वाटतं की लाईट अंधुक झाला की ६०/५५ वॅटचा एच-फोर बल्ब काढून १००/९० चा घालावा त्यांच्यासाठी सांगतो, खराब लेन्समधनं जास्तीचा उजेड रस्त्यावर पडत नाही, समोरच्याच्या तोंडावर पडतो, होल्डर वितळतो ते वेगळं आणि कायद्यात बसत नाही ते आणखी वेगळं.

नव्यासारखं झालं का? नाही, आणि तसं कोण म्हणत असेल तर फेकतोय. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेनं २०१८ मध्ये जुन्या हेडलाईटची मोजणी केली होती, त्यात पिवळे पडलेले लाईट लो बीमवर नव्याच्या जेमतेम २२ टक्के उजेड देत होते. घासून पूर्ववत केलेले ७० टक्क्यांच्या आसपास गेले, दुसऱ्या कंपनीचे नवे बसवले तर ८३ ते ९०, आणि ओरिजिनल नवे म्हणजे १००. माझ्या डोळ्याला जे वाटतंय ते साधारण याच हिशोबात बसतंय. १६०० मध्ये सत्तर आणि नऊ हजारात शंभर, आता ज्याचं रोज रात्री घाटातनं जाणं हाय त्यानं नऊ हजार घालावेत असं माझं स्पष्ट मत हाय, मला महिन्यातनं एखाद्या वेळी जायचं असतंय, मला सत्तर बास.

एक तारा कापला तो कशाचा ते पण सांगतो. उजव्या लाईटच्या खालच्या कडेला ओघळ आलाय, तांदळाच्या दाण्याएवढा, लांबनं दिसत नाही पण मला माहीत हाय ना. डाव्याला क्लिअरमध्ये एक कण अडकलाय, बाजूला लेथ चालू, दार उघडं, कण नाही अडकला तरच नवल. पेंटिंगचा बंद बूथ नाही, उघड्यावर काम, हे मान्य करूनच जायचं. "दोन तासात देतो" म्हणाला आणि गाडी मिळाली संध्याकाळी सातला. बिल मागितलं तर कागदाच्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला, गॅरंटी तोंडी, "दोन वर्सं कायबी झालं तर या." क्लिअर किती टिकतो ते ऊन आणि काम यावर असतंय, मला दोन वर्षं निघाली तरी पैसे वसूल. आत्तापर्यंत एक अख्खा उन्हाळा आणि पावसाळा काढलाय, पापुद्रा नाही, पिवळं नाही.

लाईट काढून करायचं का असं त्यानं विचारलं होतं, बंपर खोलायला लागतो म्हणून पाचशे जास्त. मी जागेवरच केलं. काढून केलं तर कडा चांगल्या होतात, ओघळ पण कदाचित आला नसता, पण परत बसवल्यावर बीमची उंची लावून घ्यायला लागते आणि ते किती जण करतात देव जाणे.

दोन-चार दिवस प्रेशरनं धुवायचं नाही, पक्ष्यांची घाण लगेच ओल्या फडक्यानं काढायची, आणि वॉशिंगवाला डिझेलचं फडकं घेऊन पुढं आला तर त्याला मागच्या मागं पाठवायचं. मी गाडी आता उलटी लावतो, तोंड पूर्वेला, सकाळचं कोवळं ऊन लागतंय तेवढं लागू दे. नवीन गाडी घेतलेल्यांनी मात्र या भानगडीत पडायचंच कशाला, शोरूममधनं निघाल्या निघाल्या लाईटवर चांगली पीपीएफ (वरनं चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म) मारून घ्या, खराब झाली की फिल्म सोलायची, लेन्स तशीच्या तशी.

शेड सोमवारी बंद. सकाळी दहाच्या आत गेला तर त्याच दिवशी नंबर लागतो, फोन उचलत नाही, उगाच वाट बघू नका. आणि जून ते सप्टेंबर तो क्लिअरचं काम घेतच नाही, हवेत ओल असली की क्लिअर पांढरट पडतो म्हणून सरळ परत पाठवतो, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल म्हणतो. तेव्हा ज्यांना करायचंय त्यांनी मिरगाच्या आधी उरकून घ्या, नाहीतर मग दसऱ्यालाच.